एक कमी दहा

त्याचं खरं नाव एव्हाना जगभरच्या फलकांवर झळकू लागलं होतं, पण मावशीच्या लेखी तो शेपूटच. तेराव्या वर्षी पहिल्या शर्यतीत चौदा गाड्यांत चौदावा आला, तेव्हा त्याच्या वडिलांनीच हसत हसत ठेवलेलं नाव. राग यायचा सोडून पोराला ते इतकं आवडलं, की पुढे त्याने हेल्मेटच्या आत कपाळाला टेकणाऱ्या पट्टीवर ते शिवूनच घेतलं. "बाहेर काय लिहायचं ते लोक लिहितातच," तो म्हणायचा, "आत शेपूट असलं की डोकं जागेवर राहतं."

मावशी तरी त्याची सख्खी मावशी कुठे होती! ती त्याच्या गाडीची इंजिनियर. शर्यतीच्या रस्त्याला लागून असलेल्या कट्ट्यावर सात पडद्यांसमोर बसायचं, कानांवर हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि दीड-दोन तास गाडीतल्या माणसाशी बोलायचं, हे तिचं काम. कट्ट्यावर पन्नास माणसं पन्नास गोष्टी सांगत असतात, पण गाडीत जातो तो एकच आवाज. चौदा वर्षं शेपटाच्या कानात जाणारा तो आवाज मावशीचा होता. तेरा वर्षांच्या पोराची जीभ 'मॅडम' म्हणायला वळेना, म्हणून तो मावशी म्हणाला, आणि बघता बघता चाकांचे नट आवळणाऱ्यांपासून संघाच्या साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती मावशी झाली. साहेब तिच्याहून आठ वर्षांनी मोठे होते, ही गोष्ट वेगळी.

बाई मवाळ. आवाज कधी चढायचा नाही. जगाच्या पाठीवर कुठल्याही हॉटेलात असो, उठल्याबरोबर दहा मिनिटं डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसायची, मगच दिवसाला हात लावायची. तो एक नेम. दुसरा नेम माईकचा. माईकवर खोटं बोलायचं नाही.

तो नेम लागला त्यालाही शेपूटच कारण. त्याची दुसरी की तिसरी शर्यत होती. शेवटची रेघ ओलांडल्यावर धापा टाकत त्याने विचारलं होतं, "मावशी, आलो ना मी पहिला?" बाजूला उभा असलेला पोराचा बाप खुणा करत होता, हो म्हणा, घरी गेल्यावर समजावू. मावशीने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "नाही रे बाळा. सहावा. पण शेवटच्या फेरीत तुझ्याइतकं जोरात कोणीच नव्हतं." मग अख्खी एक फेरी कानात नुसते हुंदके येत राहिले. गाडी थांबवून, हेल्मेट काढून, नाक पुसत पोरगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "बरं झालं खरं सांगितलंस. नाहीतर शेवटची फेरी खरी की खोटी ते मला कधी कळलंच नसतं."

त्या दिवसापासून दोघांत एक न लिहिलेला करार झाला. ती म्हणाली 'आत ये', की त्याने का म्हणून विचारायचं नाही. आत म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पिटमध्ये, जिथे दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलतात. वळण तोंडावर आलेलं असताना कारणं सांगत बसायला कोणाला वेळ असतो? ती खोटं बोलत नाही, एवढं एकच कारण त्याला पुरायचं.

आणि यंदा, चौदा वर्षांनी, हाताशी खरोखरची गाडी आली होती. बाविसातल्या अकरा शर्यती झाल्या होत्या आणि अजिंक्यपदाच्या तक्त्यावर शेपटाचं नाव सगळ्यात वर होतं. कट्ट्यावर मावशीच्या शेजारी बसणारा टायरवाला, ज्याने तीस वर्षांत कशाचं कौतुक केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, तोसुद्धा परवा म्हणाला होता, "वाईट नाही." साहेबांनी ते वाक्य तारखेसकट वहीत लिहून घेतलं, अशी वदंता होती.

बाराव्या शर्यतीत माशी शिंकली.

नऊ फेऱ्या उरल्या होत्या. शेपूट पहिला होता, पण टायर झिजत चालले होते. नवे मऊ टायर लावले तर गाडी वाऱ्यासारखी पळेल, पण आत येण्यात जागा जाईल, आणि मऊ टायर दमतातही लवकर. मावशीने एका दमात विचारलं, "टायर टिकतील का शेवटपर्यंत, की आत येतोस? आलास तर कुठले लावू?" एका वेळी एकच प्रश्न, हा तिनेच नव्या इंजिनियरांना शिकवलेला पहिला धडा. त्या दिवशी घाईत तिचाच मोडला.

उजव्या कानात खरखर झाली, मग शेपटाचा आवाज आला. एकच शब्द.

"आत ये," मावशी म्हणाली. "मऊ तयार आहेत."

क्षणभर काहीच आलं नाही. मग, "येतो."

आत आला, बाहेर पडला तो चौथा. चार फेऱ्या गाडी उडाली, पाचवीला टायर मान टाकू लागले, आणि शेवटी पाचव्या क्रमांकावर कशीबशी रेघ ओलांडली. पंचवीस गुणांच्या जागी दहा.

टायरवाला तिच्याकडे वळला. "मावशी, आत का बोलावलंत? तो तर नऊ म्हणाला. नऊच्या नऊ फेऱ्या टिकतील म्हणाला."

"मऊ म्हणाला," मावशी म्हणाली.

संध्याकाळी बैठक बसली. टेबलावर गार झालेला चहा, भोवती बारा माणसं. साहेबांनी ध्वनिफीत लावली. शब्द घंटेसारखा खणखणीत होता. नऊ. पुन्हा लावली. नऊ. मावशीलाही तिथे, मोठ्या कर्ण्यातून, नऊच ऐकू आलं. तिने हेडफोनच्या वायरीला एक गाठ मारली आणि सोडली.

कोपऱ्यात ओले केस पुसत बसलेला शेपूट उठला. "मी मऊच म्हणालो."

"अरे, हे काय ऐकतोयस मग?" साहेब म्हणाले.

"हेल्मेटमध्ये नाक दाबलं जातं. माझा मऊ तसाच येतो. नऊसारखा."

टायरवाल्याने शांतपणे स्वतःचं नाक चिमटीत धरलं. "बऊ," तो म्हणाला. मग, "दऊ." चिमूट सोडली. "नाक दाबलं की मऊचं बऊ होतं बाबा, नऊचं दऊ. मऊचं नऊ कसं होईल?"

"करून बघू," कोणीतरी म्हणालं. आणि जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या बनवणारी ती बारा शहाणी माणसं टेबलाभोवती नाकं धरून बसली. बऊ, दऊ, बऊ. साहेबांचा मऊ सगळ्यात वाईट. हसता हसता कोणाच्या तरी कपातला चहा सांडला, आणि त्या हशात मूळ प्रश्न कुठेतरी टेबलाखाली गेला.

"माझं नाक वेगळं आहे," शेपूट म्हणाला. "पुढच्या वेळी नीट बोलेन. विषय संपला."

मावशी हसली नाही, बोललीही नाही. इथे माईक नव्हता, म्हणजे नेम मोडला नव्हता, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण मनाला असले वकिली मुद्दे पटत नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसली तर दहा मिनिटं दहा तासांसारखी गेली.

मावशीचे यजमान घड्याळजी. दुकान कधीच बंद केलं होतं, पण घरातल्या खिडकीखालचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग आणि हजारभर सुटे भाग तसेच होते. "तुमच्या हजारांश सेकंदाला माझी घड्याळं हसतात," असं ते बायकोला चिडवायचे. "वेळ म्हणजे काय, धावायची गोष्ट आहे का?"

त्या आठवड्यात ती घरी आली. ते पाठमोरे बसून म्हणाले, "चहात साखर घातलीस का दोनदा?"

"हो, पाऊस येईलसं वाटतंय," ती म्हणाली.

त्यांनी भिंग काढलं. वळले, तिच्याकडे बघत राहिले. मग ड्रॉवरमधून एक जुनं खिशातलं घड्याळ काढून त्याला किल्ली दिली. "इकडे ये. बस. डोळे मीट. तुला सवयच आहे."

"अहो, काय चाललंय?"

"मीट म्हणतो ना."

तिने मिटले. डाव्या बाजूला बारीक टिकटिक सुरू झाली. "ऐकू येतंय," ती म्हणाली. मग टिकटिक थांबली. ती वाट बघत राहिली. बराच वेळ गेला. "अहो, लावा की दुसऱ्या कानाला."

शेवटी तिने डोळे उघडले. घड्याळ उजव्या कानाला चिकटलेलं होतं. "केव्हाचं लावलंय गं," ते म्हणाले.

कानांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. आलेख काढला. उजव्या बाजूची रेघ डोंगरावरून घसरल्यासारखी खाली आलेली. "तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी बसलात. आवाज येतो, पण अक्षरांच्या कडा आधी जातात. म चा न, न चा म, प चा त. डावा अजून बरा आहे, पण तोही याच वाटेने जाईल. काम कसलं करता?"

"एकाचं ऐकायचं," मावशी म्हणाली, "आणि त्याला सांगायचं."

घरी येताना तिने ठरवलं: मोसम संपेपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही. दहा शर्यती उरल्यात. आता बोलले तर दुसरा आवाज बसवतील, आणि ऐन मोसमात शेपटाच्या कानात परका आवाज म्हणजे घोड्याला मध्येच नवा लगाम. हे खरंच होतं. पण चौदा वर्षांची जागा सोडवत नव्हती, हेही तितकंच खरं, आणि ते तिला ठाऊक होतं.

मग तिने एक युक्ती केली. हेडफोनच्या उजव्या बाजूला शेपटाचा आवाज यायचा, डाव्या बाजूला संघाचा. तिने हेडफोन उलटे घातले. शेपूट चांगल्या कानात आला. बिघडलेला कान आला टायरवाल्याच्या वाट्याला.

"मावशी माझ्यावर रागावल्यात," टायरवाला जो भेटेल त्याला सांगू लागला. "मी विचारतो टायर कितीवर आलाय, त्या म्हणतात हो. मी म्हणतो पाऊस आहे, त्या म्हणतात छान. तीस वर्षांत मला कोणी छान म्हणालं नव्हतं, आता भीती वाटायला लागलीय."

त्याच सुमारास शेपटालाही एक खूळ लागलं. माईकवर तो काहीतरीच बोलू लागला. मऊ टायरला म्हणायचा लोणी, कडक टायरला दगड. "मावशी, दगड नको, लोणी दे, लोणी." पुढची चाकं म्हणजे 'नाक', मागची म्हणजे 'शेपूट'. आणि आकडे तर विचारूच नका. सात म्हणजे 'आठवड्याचे वार', चार म्हणजे 'खुर्चीचे पाय', नऊ म्हणजे 'एक कमी दहा'. प्रत्येक गोष्ट दोनदा. गाडीतलं बोलणं प्रक्षेपणातही ऐकवतात, त्यामुळे ऐकणारे लोक खूश; दुकानांत पोरं आपापसांत लोणी-दगड करू लागली. साहेब म्हणाले, "याला प्रसिद्धीची हवा लागली." मावशीलाही तसंच वाटलं. एकदा तिने हळूच टोकलंही, "अरे, सरळ बोल की." तर म्हणाला, "सरळ रस्त्यावर सरळ बोलतो, मावशी. इथे वळणं आहेत."

पण गाडी धावत होती. शर्यतीमागून शर्यत, गुणांमागून गुण. एक शर्यत इंजिन बसल्यामुळे गेली, एक पावसात वाहून गेली, दुसऱ्या संघाचा जुना विजेता पुढे सरकत आला, आणि शेवटची शर्यत आली तेव्हा हिशेब अगदी सोपा झाला. शेपूट पहिला किंवा दुसरा आला तर अजिंक्यपद त्याचं. तिसरा आला आणि तो जुना पहिला, तर दोन गुणांनी जुन्याचं.

शेवटच्या शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. यजमान येऊन तिच्या समोर उभे राहिले. हल्ली ते कधी पाठमोरे बोलत नसत. समोर यायचे, ती बघेपर्यंत थांबायचे, मग बोलायचे. मोजे म्हणायच्या जागी 'पायातले मोजे' म्हणायचे.

"एक विचारू? तो पोरगा तुझ्याशी असा का बोलतो?"

"कसा?"

"माझ्यासारखा."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"मी रेडिओवर ऐकतो ना दर वेळी," ते म्हणाले. "लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही. मी जसा शब्द निवडून, दोनदा बोलतो, तसाच तो बोलतो. मी निदान खुर्चीत बसून बोलतो गं. तो काय वेगात बोलतो."

मावशी पलंगाच्या कडेवर बसली. लोणी. दगड. खुर्चीचे पाय. त्यात एकही शब्द असा नव्हता, ज्याच्या जागी दुसरा ऐकू यावा. डोळ्यांपुढे रस्ता चाळणीसारखा थरथरत असताना, मान मोडायची वेळ आलेली असताना, तो पोरगा एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिच्यासाठी शब्द चाळत बसला होता. नऊ शर्यती. तिला वाटत होतं, ती त्याला सांभाळतेय.

शर्यतीच्या सकाळी ती दहा मिनिटं बसली नाही. सरळ गॅरेजमध्ये गेली. शेपूट गाडीजवळ जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"कधीपासून माहितीय तुला?" तिने विचारलं.

त्याने 'काय' म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या बुटाची गाठ मारली. "त्या दिवसापासूनच. तू आत ये म्हणालीस तेव्हा वाटलं, तुला पुढे काहीतरी दिसलं असेल. अपघात, पाऊस, काहीतरी. बाहेर पडलो तर पुढे काहीच नव्हतं. तेव्हा कळलं."

"विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तुला खरं सांगावं लागलं असतं. तुझा नेम आहे ना."

तिचे डोळे भरून आले. "नेम कसला डोंबलाचा! पाच महिने गप्प बसले, ते काय खरं होतं? साहेबांना सांगते मी. आज दुसरं कोणीतरी बसू दे."

"बसू दे की," शेपूट म्हणाला. "तो विचारेल टायर कसे आहेत, मी म्हणेन लोणी, आणि तो शब्दकोश उघडेल." मग उठून तिच्या समोर आला, ती बघेपर्यंत थांबला. अगदी घड्याळजींसारखा. "मावशी, मला चुकीचं ऐकणारी चालेल. ऐकलंच नाही आणि ऐकलं म्हणणारी चालणार नाही. ऐकू आलं नाही तर तसं म्हण. एवढंच."

"सगळ्या जगाला ऐकू जातं ते."

"जाऊ दे की. आपली कुठे चोरी आहे!"

साहेबांना तिने उभ्याउभ्याच सांगितलं. ते बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. पुसून झाल्यावर टायरवाल्याला हाक मारली. "आजपासून तू मावशीच्या शेजारी पाटी घेऊन बस. शेपूट बोलेल ते मोठ्या अक्षरात लिहायचं. जसंच्या तसं."

टायरवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग मावशीकडे बघून म्हणाला, "म्हणजे रागावल्या नव्हत्या तुम्ही?"

"नाही हो."

"आणि छान म्हणालात तेही..."

"तेही ऐकू आलं नव्हतं."

"वाटलंच मला," टायरवाला म्हणाला, आणि पाटी आणायला गेला.

शर्यत सुरू झाली. टायरवाल्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचता यायचं. नाक जड. लोणी संपत आलं. मागचा जवळ. मावशी एकदा कानाने ऐके, एकदा डोळ्याने, आणि मगच बोले. किती महिन्यांनी तिचे खांदे खाली आले होते. हेडफोन तिने सरळ घातले होते; शेपटासाठी आता पाटी होती, चांगला कान पुन्हा संघाला मिळाला होता.

शेवटी योगायोग म्हणा किंवा देवाची थट्टा म्हणा, नऊ फेऱ्या उरल्या असतानाच प्रश्न उभा राहिला. जुना विजेता पहिला होता, शेपूट दुसरा. टायर घासून निघाले होते. आत आला तर चौथा होऊन बाहेर पडेल, नव्या टायरवर पुन्हा दुसरा होईल किंवा होणारही नाही. बाहेर राहिला तर जुने टायर टिकायला हवेत. आत वळायची वाट चार वळणांवर होती.

"टायर किती फेऱ्या टिकतील?" मावशीने विचारलं. एकच प्रश्न.

कानात नुसती खरखर. बोलला काहीतरी, पण त्याच क्षणी शेजारून दोन गाड्या किंचाळत गेल्या. तिने पाटीकडे पाहिलं. टायरवाल्याने पाटी वर धरली होती. पाटीवर एकच मोठं प्रश्नचिन्ह.

तीन वळणं. आधीची मावशी असती तर तिने अंदाज केला असता. आवाजाच्या चढउतारावरून ओळखलं असतं आणि ओळखलं असं समजली असती. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. दोन वळणं. मावशीने माईक ओठांजवळ घेतला.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

"एक कमी दहा," स्वच्छ उत्तर आलं. "मावशी, एक कमी दहा."

"बाहेरच राहा."

त्या नऊ फेऱ्या मावशीने कशा काढल्या ते तिलाच ठाऊक. ती त्याला मागच्या गाडीचं अंतर सांगत राहिली. दोन सेकंद. दीड. एक. त्याने विचारलं, "बरं चाललंय ना?" ती म्हणाली, "नाही. जवळ आलाय. पण अजून मागेच आहे." आठ फेऱ्या टायर जागेवर राहिले. शेवटच्या फेरीच्या मध्यावर मागचं चाक पहिल्यांदा घसरलं. शेवटच्या वळणाला पुन्हा घसरलं, हातभर. तेवढ्या हातभर जागेतून मागची गाडी आत घुसली, आणि दोन्ही गाड्या जोडीने रेघेवरून गेल्या.

डोळ्यांना कळलं नाही. पडद्याला कळलं.

कानात धापा येत होत्या. मग त्याने विचारलं, अगदी तेरा वर्षांच्या पोराच्या आवाजात, "मावशी, झालं ना आपलं?"

कट्ट्यावर सगळे तिच्याकडे बघत होते. या वेळी खुणा करायला बाप नव्हता. तिने डोळे मिटले, उघडले.

"नाही रे बाळा. तिसरा. दोन गुणांनी गेलं. पण हातभर सोडलं तर आज तुझ्यासारखी गाडी कोणी चालवली नाही."

गाडी हळूहळू वळणं घेत होती. मग आवाज आला. "नऊ म्हणालो होतो, साडेआठच निघाले. माझा अंदाज चुकला."

"नाही," मावशी म्हणाली. माईक चालू होता आणि तिला तो चालूच हवा होता. "तुझा नाही. बाराव्या शर्यतीत तू नऊ म्हणाला होतास. नीट म्हणाला होतास. मला मऊ ऐकू आलं, कारण माझा उजवा कान गेलाय, आणि मी ते सांगितलं नाही. हे दोन गुण तिथे गेले. ते माझे आहेत."

सगळ्या जगाने ते ऐकलं. घरी खिडकीखाली बसलेल्या घड्याळजींनी ऐकलं, आणि भिंग डोळ्यावरून काढून ठेवलं. खरखर चालू राहिली, एक वळण, दुसरं वळण.

मग शेपटाचा आवाज आला. शब्द एकेक करून, स्वच्छ.

"मावशी, काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

नेम तो नेम. तिने पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. नऊ, मऊ, उजवा कान.

"नाही येत ऐकू," तो म्हणाला. "फार खरखर आहे."

नेम तिचा होता, त्याचा नव्हता.

मावशीने पाटीकडे पाहिलं, सवयीने. टायरवाला मान खाली घालून लिहीत होता. बराच वेळ लिहीत होता. मग त्याने पाटी तिच्यासमोर धरली, आणि ती वाचेपर्यंत थांबला.

'मलाही नाही.'

त्याच्या मागे साहेब उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "कोणाला काही ऐकू आलं का?" आणि नट आवळणाऱ्यांच्या रांगेतून कोणीतरी नाक चिमटीत धरून ओरडलं, "दाही!"

मावशी हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग खुर्ची पुढे ओढली, माईक जवळ घेतला. गाडी अजून रस्त्यावर होती, आणि ती आत येईपर्यंत काम संपत नसतं.

"पुढचं वळण उजवं आहे, शेपटा," ती म्हणाली. "हळू ये. टायर गेलेत."

"कसे गेलेत?"

"लोण्यासारखे," ती म्हणाली. "लोण्यासारखे गेलेत."